आनंदीबाईंचं चरित्र लिहिणाऱ्या बाईंचं चरित्र

खडीसाखर

गेले सात महिने आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला तीन वह्या पडून आहेत. आजेसासूबाईंच्या. दोन लांबट, हिशेबाच्या, लाल कापडी पाठीच्या. तिसरी म्हणजे सुटे फुलस्केप कागद सुतळीने टाचून केलेलं बाड. नवऱ्याच्या आत्यांनी घर आवरताना त्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, "तू मराठीची ना? बघ काही होतंय का." मराठीची म्हणजे मी शाळेत मराठी शिकवते. संपादन बापजन्मात केलेलं नाही.

पहिल्याच पानावर अडले. "इकडून पंढरपुरास जाणे झाले. स्वारी परत आली तरी घरात कुणी बोलेना." इकडून म्हणजे आजेसासरे, एवढं कळतं. पण चार पानांनी "तिकडून निरोप आला", मग "मोठ्या घरचे रागावले". नाव कुणाचंच नाही. साल नाही, आहे ती तिथी. मी टाइप करताना कंसात नावं घालत गेले, आणि वीस पानं झाल्यावर वाचून बघितलं तर आजेसासूबाई कमी नि मीच जास्त झालेली.

त्याच आठवड्यात एका मैत्रिणीने सरोजिनी वैद्य यांचं काशीबाई कानिटकरांवरचं पुस्तक आणून दिलं. पॉप्युलर प्रकाशनाचं. नावातच 'आत्मचरित्र आणि चरित्र' असं दोन्ही आहे, आणि माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. काशीबाईंनी स्वतःबद्दल लिहिलं ते तुकड्यातुकड्यांनी. सरोजिनीबाईंनी ते तुकडे त्यांचे त्यांना ठेवले आणि उरलेलं आयुष्य आपल्या नावावर, आपल्या भाषेत, चरित्र म्हणून लिहिलं. बाईंचं ते बाईंचं, संपादकाचं ते संपादकाचं. वाचायला किती साधं वाटतं! मला सुचलं नव्हतं.

काशीबाई कोण, हे इथे अनेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात. जन्म १८६१, सांगलीकडच्या अष्ट्याचा. नवव्या वर्षी लग्न झालं तेव्हा अक्षरओळख नव्हती. नवरा गोविंदराव शिकणारा, त्याला शिकलेली बायको हवी. (याच गोविंदरावांनी पुढे जॉन स्टुअर्ट मिलचं स्त्रियांच्या परवशतेवरचं पुस्तक मराठीत आणलं.) सासरच्या बायकांचे टोमणे खात काशीबाई वाचायला शिकल्या, मग लिहायला. 'रंगराव' ही कादंबरी लिहिली, गोष्टी लिहिल्या, हरिभाऊ आपट्यांशी बरोबरीच्या नात्याने पत्रव्यवहार केला, थिऑसफीत रमल्या. ३० जानेवारी १९४८ ला गेल्या. तो दिवस कुठला ते सांगायला नको, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांच्या वाट्याला किती ओळी आल्या असतील तेही.

पण मला त्यांच्या कादंबरीपेक्षा दुसऱ्याच पुस्तकात रस आहे. डॉ. आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. १८८८ मध्ये बॉस्टनला कॅरोलाइन डॉल यांनी त्यांचं इंग्रजी चरित्र काढलं, आणि १८८९ मध्ये काशीबाईंचं मराठी चरित्र आलं. तेव्हा काशीबाई अठ्ठावीस वर्षांच्या. म्हणजे ज्या बाईला लग्नात सही करता येत नव्हती, तिने एकोणीस वर्षांत दुसऱ्या बाईचं चरित्र लिहून छापलं. नायिका आपल्याहून चार वर्षांनी लहान, नवरा हयात, आणि नवरा म्हणजे गोपाळराव जोशी! दुसरी आवृत्ती १९१२ ची, तिच्या नावात 'चरित्र व पत्रे' असं आहे.

त्या 'व पत्रे'वर माझा जीव आहे. आनंदीबाई आज घराघरात माहीत आहेत त्या श्री. ज. जोशींच्या १९६८ च्या कादंबरीमुळे, नाटकामुळे, अलीकडे २०१९ च्या सिनेमामुळे. पत्रं गोळा करून, लावून, छापून ठेवणाऱ्या बाईचं नाव मात्र मी आमच्या शिक्षकखोलीत विचारलं तर सहा मराठी शिक्षकांपैकी एकाला आलं. ते सर इतिहासाचे निघाले, मराठीचे नाहीत.

असो. इथे कुणी घरच्या वह्यांचं काम केलंय का? 'इकडून'चं काय करता तुम्ही?

---

पानसुपारी

छान धागा. वाचनखूण साठवली.

काशीबाई म्हणजे मराठीतल्या पहिल्या स्त्री कादंबरीकार ना? तसा उल्लेख यायला हवा होता.

---

कोरा_कागद

@पानसुपारी, पहिल्या नाहीत. साळूबाई तांबवेकरांचं 'चंद्रप्रभाविरहवर्णन' १८७३ चं आहे. ते अद्भुतकथेच्या वळणाचं, आणि काशीबाई म्हणजे आपटे वळणाची घरगुती, सामाजिक कादंबरी, म्हणून 'पहिल्या महत्त्वाच्या' म्हणा हवं तर. आपल्याकडे प्रत्येक बाईला 'पहिली' केल्याशिवाय चैन पडत नाही. पहिली नसली तर वाचायची नाही का?

---

पानसुपारी

अहो, बरोबर आहे. चिडता कशाला, सकाळचा चहा व्हायचाय वाटतं.

---

हडसनकाठ

मी न्यूयॉर्क राज्यात राहतो. गेल्या ऑक्टोबरात आईबाबा आले होते तेव्हा पोकीप्सीला गेलो. ग्रँड सेंट्रलहून निघणारी गाडी हडसनच्या अगदी काठाने जाते, डावीकडची खिडकी पकडायची. तिथल्या दफनभूमीत, अमेरिकेत ज्यांनी आनंदीबाईंना आधार दिला त्या कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आनंदीबाईंचा दगड आहे. रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली, ती तिथे पुरली. दगडावर नाव, एम. डी., १८६५–१८८७, आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर.

आईने पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली. मी म्हटलं, आई, ही ख्रिश्चन दफनभूमी आहे. ती म्हणाली, "ती नाही ना ख्रिश्चन झाली. तेच तर सांगत होती सगळ्यांना." खरंय. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत १८८३ साली जाण्याआधी भाषण केलं त्यात हेच होतं, हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणून परत येईन. आईने हे शाळेत पाठ केलं होतं म्हणे. डबीतलं कुंकू मात्र वाऱ्याने बाबांच्या जाकिटावर गेलं.

सांगायचा मुद्दा, दगडावर आनंदीबाई आहेत, शेजारी कार्पेंटरबाई आहेत. काशीबाईंचं नाव मी तुमच्या लेखात पहिल्यांदा वाचलं.

---

मेथीची_जुडी

किती सुंदर, हडसनकाठ. डोळ्यात पाणी आलं, आणि जाकिटाच्या वाक्याला हसूही.

---

तिरकस

लेख चांगला. पण एक शंका. नवरा हयात असताना, त्याच्या मर्जीशिवाय सामग्री मिळणं अवघड असताना लिहिलेलं चरित्र किती खरं असणार? गोपाळराव काही साधे गृहस्थ नव्हेत. पंचहौद मिशनमध्ये १८९० साली टिळक, रानडे वगैरे मंडळींना चहाला नेऊन मग कोण कोण आलं होतं ती नावं वर्तमानपत्रात देणारे हेच. पुढे स्वतः ख्रिस्ती झाले, परत प्रायश्चित्त घेऊन हिंदू झाले. अशा माणसाबद्दल १८८९ मध्ये पुण्या-मुंबईच्या वर्तुळातली बाई काय लिहिणार? कादंबरीकाराला निदान कल्पनेची मोकळीक असते.

---

खडीसाखर

@तिरकस, शंका रास्त आहे. पण कल्पनेच्या मोकळिकीने काय झालं तेही बघा. गोपाळराव कठोर पण ध्येयवेडा, आणि ती कोवळी, सोसणारी, अशी जोडी आपल्या डोक्यात पक्की बसली.

आनंदीबाईंनी अमेरिकेतून गोपाळरावांना लिहिलेल्या एका पत्रात स्वतःच हिशेब मांडला आहे. आशय असा: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मार, बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या नि पुस्तकं, सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा. हे चांगलं होतं की वाईट, ते मला ठरवता येत नाही, अंतिम हेतूकडे पाहिलं तर बरोबर होतं म्हणावं, पण लहान मुलाच्या मनावर काय परिणाम होतो ते पाहिलं तर... असं ती लिहिते. ही काही नुसती सोसणारी बाई नाही. ही विसाव्या वर्षाच्या आतबाहेर नवऱ्याला समोरासमोर जाब विचारणारी, आणि तरी निकाल राखून ठेवणारी बाई आहे. असलं वाक्य कुठल्या कादंबरीकाराला सुचलं असतं?

चरित्रकाराला सगळं बोलता येत नसेल तर कागद जपून ठेवायचे. बोलणारे पुढे येतात. अंजली कीर्तने आल्या, त्यांनी नव्वदच्या दशकात आनंदीबाईंचं शोधचरित्र लिहिलं. मीरा कोसंबी आल्या, त्यांनी काशीबाई आणि आनंदीबाई दोघींनाही इंग्रजीत नेलं.

---

तिरकस

मान्य. पत्राचं उदाहरण डोक्यात राहील.

---

बारनिशी

महापालिकेतला निवृत्त कारकून आहे, म्हणून धनंजय कीरांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. रत्नागिरीचे. शिक्षण मॅट्रिक. मुंबई महापालिकेच्या शिक्षण खात्यात नोकरी. आणि चरित्रं लिहिली ती इंग्रजीत: सावरकर, आंबेडकर, टिळक, फुले, शाहू छत्रपती, गांधी. त्यातलं आंबेडकरांचं १९५४ चं, म्हणजे बाबासाहेब हयात असताना आलेलं. ही नावं एका रांगेत वाचा. एकाच माणसाने सावरकरही लिहिले, आंबेडकरही लिहिले, फुलेही लिहिले. आज एका व्हॉट्सॲप गटात हे तिघे सुखाने नांदत नाहीत.

आणि संपादक म्हणूनही. महात्मा फुले समग्र वाङ्मय १९६९ साली साहित्य संस्कृती मंडळाने काढलं ते कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली. त्याआधी फुले वाचायचे म्हणजे कुठे एक 'गुलामगिरी', कुठे एक 'असूड', असं धुंडाळत बसायचं. याच मालशेंनी १९७५ साली ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा छापली. १८८२ चं पुस्तक, त्र्याण्णव वर्षांनी. आज त्यावर ढिगाने प्रबंध होतात. मालशेंना ते सापडलं नसतं तर कशावर झाले असते?

पहिली पाच पानं रोज ऑफिसला जायच्या आधी आणि पाच आल्यावर, असा माझाही एकदा बेत होता. कीर व्हायचं होतं. गिरगावातल्या आमच्या खोलीत सात माणसं होती, बेत तिथेच राहिला.

---

कोरा_कागद

बारनिशी काका, बेत पुन्हा काढा की. आता वेळ आहे.

---

बारनिशी

आता खोलीत दोनच माणसं आहेत, पण दुसरी बोलते फार.

---

काना_मात्रा

तीस वर्षं मुद्रितं तपासली आहेत, तेव्हा खडीसाखरच्या प्रश्नाकडे वळतो.

१) 'इकडून', 'स्वारी' वगैरेंना अजिबात हात लावू नका. कंस काढून टाका. पुस्तकाच्या सुरुवातीला एक पान 'घरातली माणसं' म्हणून द्या, आणि जिथे खरंच घोटाळा होतो तिथेच तळटीप. त्या काळच्या प्रत्येक बाईची नवऱ्याला म्हणायची तऱ्हा वेगळी, आणि त्या तऱ्हेतच ते घर असतं. रमाबाई रानडे आपल्या आठवणींत माधवरावांना 'स्वतः' म्हणतात. लक्ष्मीबाई टिळक मात्र नवऱ्याला खुशाल 'टिळक' म्हणतात! दोघींचं नाव झाकून एक पान वाचायला द्या, त्या एका शब्दावरून कुणीही ओळखेल.

२) शुद्धलेखन. आजेसासूबाई 'घरीं', 'त्यांचें', 'लग्नांत' असं लिहीत असतील. साठच्या दशकात नवे नियम आले आणि हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 'पण लक्ष्यांत कोण घेतो' आता बहुतेक ठिकाणी 'लक्षात' असं छापतात. मी म्हणेन, छापायच्या प्रतीत अनुस्वार काढा, नाहीतर नातवंडं दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतील. पण मूळ वह्यांचे फोटो नीट काढून ठेवा, पानांचे आकडे घालून. आणि चूक आणि बोली यात गल्लत नको. 'व्हती' ही बोली आहे, 'पंढरपूरास' हा हात घसरला.

३) सगळ्यात महत्त्वाचं. टाइप करताना मजकूर 'जरा बरा' करायचा मोह होईल. एखादं वाक्य अर्धवट सुटलंय, आपण पुरं करू या. तिथे टेबलावरून उठा, पाणी प्या, परत बसा. मी एकदा एका कवीच्या पत्रात 'येतो' चं 'येईन' केलं होतं. काळ सुधारला म्हणून स्वतःवर खूश होतो. पुस्तक छापून झाल्यावर कळलं की ते पत्र मुंबईच्या दवाखान्यातून गावी लिहिलेलं होतं, आणि तो माणूस परत गेलाच नाही. 'येतो' मधली घाई मी काढून टाकली.

---

मेथीची_जुडी

बापरे. तिसरा मुद्दा.

---

खडीसाखर

@काना_मात्रा, कंस काढले. काल रात्रीच. एकशे बारा निघाले.

'येतो'चं वाचून मात्र दिवसभर गप्प होते.

---

दिवेलागण

लक्ष्मीबाईंचा विषय निघालाच आहे तर. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'च्या मुळाशी हेच आहे! मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला सामग्री जमवत होता, म्हणून आईला आठवणी लिहून द्यायला सांगितलं. टिळकांचं चरित्र राहिलं बाजूला, आईचंच पुस्तक झालं. १९३४ पासून चार भाग आले, चौथा पुरा व्हायच्या आत त्या गेल्या आणि शेवट देवदत्तांनी केला. तो शेवट वाचताना लगेच जाणवतं की माणूस बदललं. आवाज तोच ठेवायचा प्रयत्न केलेला नाही हे त्यांचं मोठेपण.

सरोजिनीबाईंबद्दल थोडं. त्या मुंबई विद्यापीठात मराठीच्या प्राध्यापक होत्या, पुढे राज्य मराठी विकास संस्थेच्या संचालक. नाट्यछटाकार दिवाकरांवर त्यांनी लिहिलं आणि 'समग्र दिवाकर' संपादित केलं. म्हणजे पुण्यातला एक शाळामास्तर, एकेका पानाच्या नाट्यछटा लिहिणारा, सगळी मिळून पन्नासेक. आणि मग 'कहाणी लंडनच्या आजीबाईंची', विदर्भातून लंडनला गेलेल्या, खाणावळ चालवणाऱ्या निरक्षर राधाबाईंची. मला गंमत वाटते ती निवडीची. हाताशी एवढे मोठे लोक असताना बाई कायम कडेच्या माणसांकडे जातात. काशीबाई, दिवाकर, लंडनच्या आजी.

तुमच्या आजेसासूबाईही चालल्या असत्या त्यांना.

---

पानसुपारी

आजींचं पुस्तक मी वाचलंय. लिहिता न येणाऱ्या बाईचं चरित्र लिहायचं म्हणजे कागदच नाहीत. विचारत फिरायचं आणि लोक सांगतील त्यातलं काय घ्यायचं ते ठरवायचं. खडीसाखर, तुमच्याकडे तीन वह्या आहेत, नशीब समजा.

---

पंचांगकर्ते

अवांतराबद्दल क्षमस्व, पण तुम्ही लिहिलंय की साल नाही, फक्त तिथी आहे. एखाद्या पानावर अधिक महिना आलाय का? आला असेल तर तिथून साल धरता येतं. अधिक महिना तीनेक वर्षांनी येतो, पण तोच अधिक महिना बहुधा आठ, अकरा किंवा एकोणीस वर्षांच्या फेऱ्याने. शिवाय ग्रहणं, सिंहस्थ, प्लेगाच्या झोपड्या, रेशन. बायका साल लिहीत नसत, पण हे सगळं लिहीत.

---

खडीसाखर

आहे! दुसऱ्या वहीत, मधोमध. "अधिक श्रावण". दोन पानं त्याचीच आहेत.

---

पंचांगकर्ते

मग १९२८ पासून धरलं तर १९२८, १९३९, १९४७, १९५८ किंवा १९६६. घरच्या कुणाच्या लग्नाची, मृत्यूची तारीख माहीत असेल तर बाकीची गळतील.

---

खडीसाखर

आजेसासरे १९५८ च्या सुरुवातीलाच गेले आणि त्या पानावर 'स्वारी' आहे, म्हणजे ५८ नाही, ६६ नाही. आणि जावई आहेत. थोरल्या आत्यांचं लग्न १९४५ चं, म्हणजे २८, ३९ तर नाहीच. ४७!

थांबा, म्हणजे...

---

पंचांगकर्ते

हो. १५ ऑगस्ट १९४७ अधिक श्रावणातच पडला. वद्य चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी अमावास्या, महिना संपला. त्या तिथीला काय लिहिलंय ते बघा. बाईंनी झेंडा पाहिला असणार.

---

तिरकस

लवकर सांगा, इथे सगळे ताटकळले आहेत.

---

खडीसाखर

शाळेतून आत्ता आले, पर्स खांद्यालाच आहे. पान उघडलंय. जसंच्या तसं उतरवते, अनुस्वारासकट, कंस न घालता:

"वद्य चतुर्दशी. जांवयांस वाण द्यावयाचें राहिलेंच होतें, उद्यां मास सरतो. अनारशांचें पीठ आंबट झालें. साखर मिळेना म्हणून गूळ घातला. तेहतीस पुरे होईनात, सत्तावीस झाले. इकडून सांगणें झालें चालेल. बाहेर पोरांचा फार गलका."